शेजारच्या आजोबांचं 1950 चं पिस्तूल, माझे डोळे आणि दुर्बीण: भोकं पाडू की नको?

सांगलीकर_ओहायो

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी ओहायोत राहतो, इरी सरोवरापासून अर्ध्या तासावर. मूळचा सांगलीचा. आमच्या डाव्या हाताच्या घरात एक गोरे आजोबा राहायचे. सगळी गल्ली त्यांना 'पॉप' म्हणायची, म्हणून आम्हीही पॉपच. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांनीच मला पहिल्यांदा क्लबात नेलं आणि एका हातात पिस्तूल धरून कागदावरचं काळं वर्तुळ फोडायला शिकवलं. इकडे या प्रकाराला बुल्सआय म्हणतात. पॉप दर उन्हाळ्यात इथल्याच कॅम्प पेरीच्या नेमबाजी सामन्यांना जायचे, पाय चालत होते तोवर गेले. या मार्चमध्ये वारले, एक्याण्णव वर्षांचे होऊन. मृत्युपत्रात माझ्या नावाने दोन वस्तू निघाल्या: एक पिस्तूल आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

पिस्तूल म्हणजे रूगर कंपनीचं स्टँडर्ड, .22 कॅलिबरचं. पॉपच्या वडिलांनी 1950 मध्ये घेतलेलं, साडेसदतीस डॉलरला. पावतीसुद्धा आहे. डाव्या ग्रिपवर लाल गरुड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कंपनी 1949 ची, दोघा भागीदारांची. त्यातले अलेक्झांडर स्टर्म 1951 मध्ये अचानक गेले आणि त्यानंतर गरुडाचा रंग काळा झाला. म्हणून त्या सुरुवातीच्या पिस्तुलांना 'लाल गरुड' म्हणतात आणि संग्रह करणारे त्यावर जीव टाकतात.

अडचण माझ्या डोळ्यांची. वय 58. नेम धरायची मागची खाच धूसर, नळीच्या टोकावरचा उंचवटा, म्हणजे पुढची माशी, त्याहून धूसर. माशी म्हणजे आता खरोखरची माशी दिसते, तीही पंख हलवणारी. क्लबातली अर्धी मंडळी दुर्बीण किंवा लाल ठिपका (काचेत चमकता ठिपका दाखवणारं नेमाचं उपकरण) लावून बसलेली. म्हटलं आपणही लावावी. इथल्या एका गनस्मिथला फोनवर फोटो पाठवला. तो म्हणाला, "वर चार भोकं मारतो, आटे पाडतो, पट्टी बसवतो. आठवड्यात घेऊन जा."

बायको म्हणते, माणसाची आठवण आहे, तिला भोकं कसली पाडतोस? मुलगा म्हणतो, पॉपना कपाटात ठेवलेलं पिस्तूल कधी आवडलं नसतं. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

डब्यात काय आहे तेही सांगतो, कुणाला कशाचा अर्थ लागला तर लागला: दोन जादा मॅगझिन, पितळेचा एक पंच, तेलाची कुपी, कॅम्प पेरीचे जुने बिल्ले, बोटभर लांबीची काळ्या रंगाची अॅल्युमिनियमची पट्टी (तिला दोन भोकं, कडा आत तिरक्या), आणि पोटात घ्यायच्या औषधी गोळ्यांची एक बाटली, जिच्यात औषध नसून स्क्रू आहेत. पिस्तूल एकदा पूर्ण खोलून साफ केलं. बोल्टवर, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्यावर, लांबीने गेलेला एक सरळ चकचकीत ओरखडा दिसला, बाकी सगळं ठीक. परत जोडायला मात्र अख्खी संध्याकाळ गेली, त्याबद्दल नंतर कधीतरी रडेन.

आणखी एक. मुलाच्या रायफलची 3 ते 9 पट दुर्बीण पडून आहे. तीच यावर चढवली तर?

बारामतीचा_बाप्पा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो कारण तो गाढवपणा मी स्वतः केलाय. रायफलची दुर्बीण डोळ्यापासून तीन-चार इंचांवर धरायची असते. पिस्तूल हात लांब करून धरतो आपण. तेवढ्या अंतरावरून बघितलं की भिंगात शर्टाच्या बटणाएवढं चित्र आणि भोवती काळोख. मान जरा हलली की तेही गायब. मी ते चित्र मिळवायला कोपर दुमडत दुमडत पिस्तूल नाकाशी आणलं होतं. रेंज ऑफिसरने हाक मारून लाइनवरून मागे घेतलं. पुढे काही विचारू नका.

खरादवाला

अहो सांगलीकर, गनस्मिथकडे जायच्या आधी हे वाचा.

माझी ओळख: किर्लोस्करवाडीच्या टूलरूममध्ये बारा वर्षं, मग मिल्वॉकीत लेथ आणि मिलिंगवर सव्वीस. निवृत्त झाल्यावर घराच्या तळघरात जुन्या पिस्तुलांची दुरुस्ती करतो, लायसन्स काढून. तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी अशा आहेत की मला काल रात्री झोप आली नाही.

पहिली, पट्टी. कडा आत तिरक्या, दोन भोकं, बोटभर लांब. ही दुर्बिणीची बेस आहे हो! तिच्या कडांवर दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचे पंजे पकडतात. पॉपनी ती डब्यात शोभेला ठेवलेली नाही. दुसरी, गोळ्यांच्या बाटलीतले स्क्रू. बारीक आट्यांचे, डोकं आत बुडणारे असले तर ते बेसचेच. तिसरी आणि सगळ्यात बोलकी, बोल्टवरचा ओरखडा. रूगरचा बोल्ट नळकांड्याच्या आत मागेपुढे धावतो, बाहेरून त्याला काही घासत नाही. सरळ लांब ओरखडा पडला, तर आत वरून काहीतरी टोचत होतं. ते काहीतरी म्हणजे जास्त लांब स्क्रूचं टोक.

माझा अंदाज सांगतो. या पिस्तुलाला भोकं आधीच आहेत. पॉपनी पाडलेली, आणि नंतर बिनडोक्याच्या आखूड स्क्रूंनी बुजवून वर काळं केलेलं. सत्तर वर्षांचं तेल आणि धूळ बसली की ती डोळ्यांना दिसत नाहीत, तुमच्या डोळ्यांना तर नाहीच (रागवू नका, माझे याहून वाईट आहेत). फोनवरच्या फोटोत गनस्मिथला काय दिसणार, कपाळ?

तेव्हा असं करा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर रिकामी आहे ते डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. मग मागच्या साइटच्या (खाचेच्या) पुढचा वरचा भाग जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि मिनरल स्पिरिटने चोळा. पुसा. टॉर्च आडवा धरा, वरून नको. उजेड आडवा पडला की बुजवलेलं भोक वर्तुळासारखं उमटतं, मधोमध आडवी रेघ म्हणजे स्क्रूची खाच.

सापडलं तर लगेच पेचकस घेऊन तुटून पडू नका. दुकानातला साधा पेचकस टोकाला निमुळता असतो, खाचेच्या कडा खातो. गनस्मिथचे बिट मिळतात, टोक दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं, ते खाचेत घट्ट बसायला हवं. झिरपणारं तेल दोन थेंब, दोन दिवस तसंच. मग बिट बसवून मागून लाकडी हातोडीने एक टिचकी, आणि मग फिरवा.

नाहीच सापडलं, तर माझं स्पष्ट मत: लाल गरुडाला भोक पाडू नका. पैशासाठी म्हणत नाही, जरी किंमत पडतेच. मूळ अवस्थेतली फारशी उरलेली नाहीत, आणि भोक परत बुजत नाही. वेल्डिंग करून, घासून, पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) केलं तरी जाणकाराला दिसतंच. नेमासाठी रूगरचीच नंतरची एखादी जुनी मार्क थ्री टार्गेट घ्या. तिला कंपनीनेच वर भोकं पाडून आटे दिलेले असतात. आणि हो, या पिस्तुलाचा नंबर त्या नळकांड्यावरच असतो. कोणी काही काम करो, नंबराच्या आसपास घासाघासी नको. नंबर पुसला गेला तर तो फेडरल गुन्हा.

रूगरची जात दुर्बिणीला उत्तम हे मात्र खरं. 1911 मॉडेलसारख्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागेपुढे उडते, तिच्यावर बसवलेली दुर्बीण प्रत्येक बाराला आपटते. रूगरचं नळकांडं जागचं हलत नाही, साइट आणि नळी एकाच अंगावर. लुगर या जर्मन पिस्तुलाचं तर विचारूच नका, तिचा सांधा मधूनच गुडघ्यासारखा वर उचलला जातो, वर दुर्बीण ठेवायला जागाच नाही.

करवीर_नेमबाज

खरादवाले काका, सलाम. तरी सांगलीकरांना एक विचारते, चश्मा बदलून बघितला का?

मी कोल्हापुरात 10 मीटर एअर पिस्तूलच्या मुलांना शिकवते. आमच्याकडे प्रश्नच येत नाही, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत पिस्तुलाला दुर्बीण, ठिपका, भिंग काही चालत नाही. आमच्या गावच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण काढलं ते उघड्या खाच-माशीवरच. त्यामुळे आम्ही डोळ्याशीच भांडतो.

वय वाढलं की डोळ्याला एकाच वेळी खाच, माशी आणि कागद तिन्हींवर नजर बसवता येत नाही. कागद धूसर चालतो. माशी कातरलेल्या कागदासारखी स्वच्छ हवी. बायफोकलमध्ये नेमका तोच पल्ला मधे हरवतो, मग माणूस मान वर करून खालच्या काचेतून बघायला जातो आणि मानेची वाट लागते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या. हात सरळ करून, दुसऱ्या कोणाला मोजायला लावून. दूरच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण प्लस मिळवलेली एक काच फक्त नेमाच्या डोळ्यासाठी करून मागा. आमच्या ज्येष्ठ गटातले एक आजोबा या एका काचेवर पुन्हा शूट करायला लागले. चश्म्यावर चिकटवायची बारीक भोकाची चकतीही मिळते, अंधाऱ्या रेंजवर मात्र तिचा त्रास होतो.

लाल ठिपका घेणार असाल तर आधी दुकानात डोळ्याला लावून बघा. दृष्टिवैषम्य असेल तर ठिपका गोल दिसत नाही, शेपटी फुटलेली दिसते. तो दोष उपकरणाचा नसतो.

पुणे_ते_टेक्सास

मधेच घुसतो. मी एच-1बी वर आहे, मित्र रेंजवर नेतोय. भाड्याचं पिस्तूल हातात घेतलं तर चालतं ना?

खरादवाला

नाही. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची सरसकट बंदी आहे, आणि हातात घेणं हेही बाळगणंच धरतात. त्याला मोजके अपवाद आहेत, वैध शिकार परवाना हा त्यातला एक. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. मित्राच्या बोलण्यावर जाऊ नका, परवाना आधी, रेंज मग. आता मूळ धाग्यावर या.

सांगलीकर_ओहायो

काका, पाया पडतो.

काल रात्री ब्रश मारला. मुलाने टॉर्च आडवा धरला. आणि बघतो तर साइटच्या पुढे दोन वर्तुळं, एकामागे एक! पुढचं स्पष्ट, मागचं अर्धं मळाखाली. खाचांत जुनं मेणासारखं काहीतरी भरलेलं. मी पाच महिने हे पिस्तूल हाताळतोय, तेल लावतोय, कौतुक करतोय आणि हे दिसलं नाही. बायको लांबून म्हणाली, "पॉपनी आधीच भोकं पाडलीत ना? मग पाड तू पण." निकाल लागला.

गंमत पुढे आहे. पॉपच्या मुलाला फोन केला. तो सत्तरीला टेकलाय. म्हणाला, "ते? साठच्या दशकात डॅडने गॅरेजमध्ये हाताच्या ड्रिलने पाडलेली. आजोबा त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हते." म्हणजे हा वाद या पिस्तुलावर आधीच एकदा होऊन गेलाय, आणि तो पॉप हरले होते. म्हणून बुजवली.

ताई, तुमचं पटलं. काचेची अपॉइंटमेंट घेतली आहे, टेपने अंतर 27 इंच भरलं.

आता पंचाईत ही: मागचं भोक मध्यावर नाही, केसभर डावीकडे गेलंय. पट्टी टेकवली की पुढे नाक किंचित उजवीकडे जातं. बाटलीत सहा स्क्रू आहेत, दोन लांबींचे. कुठला कुठे?

खरादवाला

हातड्रिलने पाडलेली भोकं अशीच असायची, त्यात पॉपचा दोष नाही. सेंटर पंच मारला तरी नळकांड्याच्या गोल पाठीवर ड्रिल घसरतं.

स्क्रू आधी ओळखा. या कामाचे स्क्रू बहुधा 6-48 असतात, म्हणजे इंचाला 48 आटे. साधा 6-32 जबरदस्तीने घातलात तर भोकातले आटे गेले, मग मोठं भोक पाडून 8-40 चा टॅप मारावा लागतो आणि तुमच्या घरात महिनाभर कोण कोणाशी बोलणार नाही ते सांगता येत नाही. बोटांनी दोन-तीन आटे सहज फिरला तरच तो स्क्रू त्या भोकाचा.

लांबीचं असं. बेस ठेवा, स्क्रू बसवा, बोल्ट हळू मागे ओढा. अडखळला किंवा खरखरला तर स्क्रू लांब आहे. स्क्रूच्या टोकाला काळ्या मार्करची टिकली लावून पुन्हा बसवा, बोल्ट दोनदा चालवा, काढून बघा. टिकली पुसली गेली तर अजून घासतोय. ओरखडा एकच आहे म्हणालात, तेव्हा पॉपचा एकच स्क्रू लांब होता, माझ्या मते मागचा.

कमी करताना एक युक्ती, टूलरूममध्ये पहिल्याच महिन्यात शिकवतात: कानस लावायच्या आधी स्क्रूवर एक नट चढवा. मग टोक घासा. झालं की नट उलटा फिरवून बाहेर काढा, तो येता येता शेवटच्या आट्याची बर (घासल्यावर उरलेली खरखरीत कड) साफ करतो. नट नसेल तर घासलेला स्क्रू भोकात तिरका जातो आणि आटे खातो. एका वेळी एकच आटा कमी करा. टोक नळकांड्याच्या आतल्या पाठीपासून जरा वरच राहायला हवं.

पट्टी तिरकी बसते त्यावर इलाज कोकच्या डब्यात आहे. डब्याचा पत्रा साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचा. कात्रीने पट्टी कापा, कडा घासा, बेसच्या खाली ज्या बाजूला पोकळ दिसते तिथे सरकवा. आधी एक, पुरली नाही तर दुसरी. हे आडवं डगमगणं जाण्यासाठी. डावी-उजवीकडचा फरक दुर्बिणीचा कडेचा नॉब भरून काढेल, तेवढा फिरायला वाव असतो. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद, म्हणजे लॉकटाइट, निळं लावा, लाल नको. लाल लावलंत तर पुढच्या पिढीला ब्लोटॉर्च लागेल.

आणि दुर्बीण कोणती घेताय? हँडगनची घ्या, 2 पटीची. तिचा डोळ्याचा पल्ला फूटभरापासून दोन फुटांपर्यंत असतो. 4 पट घेऊ नका. चित्र मोठं दिसतं तसा हाताचा कंपही मोठा दिसतो, माणूस घाबरून चाप खेचतो. ठिपका घेतलात तर बारीक घ्या. 4 एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका 50 यार्डांवर दोन इंच जागा झाकतो, आणि तिथे दहाचं वर्तुळ सव्वातीन इंचांच्या थोडंच वर आहे.

सांगलीकर_ओहायो

तीन आठवड्यांनी येतोय. काम झालं. फोटो क्लबाच्या नियमामुळे टाकत नाही, वर्णन घ्या.

मागचा स्क्रूच लांब होता. काका, तुमच्या टिकलीच्या युक्तीने चार वेळा काढून-घालून बसला. नट चढवायचं दुसऱ्या वेळी विसरलो. तो स्क्रू वाया गेला, म्हणून सहाचे पाच राहिले. कोकचा डबा नव्हता, आल्याच्या सोड्याचा कापला. पट्ट्या दोन लागल्या. बुजवायचे जुने स्क्रू आता गोळ्यांच्या बाटलीत आहेत.

दुर्बीण सेकंडहँड, 2 पटीची, इंची नळीची. लावल्यावर एक नवीन अडचण निघाली जी कुणीच सांगितली नव्हती. रूगरला स्लाइड नाही, बोल्ट मागच्या दोन कानांना चिमटीत धरून ओढायचा. डोळ्याकडचं भिंग नेमकं त्या कानांच्या वर येतं. माझी बोटं जाड, चिमूट बसेना. बोट घसरून भिंगाच्या कडेवर आपटलं, नख काळं पडलंय. मग रिंगा बेसवर एक खाच पुढे घेतल्या आणि दुर्बीणही रिंगांमध्ये पुढे ढकलली. आता अंगठा आणि मधलं बोट जातं, तर्जनी मोकळी ठेवावी लागते.

शनिवारी क्लबात नेलं. 25 यार्ड, बाकावर वाळूची पिशवी ठेवून पहिले पाच. सगळे एका बशीत मावतील असे, पण बशी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात. नॉब फिरवत फिरवत काळ्यात आणले. मग उभं राहून, एका हाताने, पॉपनी शिकवल्यासारखं. दुर्बिणीतला क्रॉस काळ्यावर असा काही नाचत होता की मला वाटलं मीच बिघडलोय. शेजारच्या लेनमधला म्हातारा हसला, म्हणाला, "तो आधीही एवढाच नाचत होता, तुला दिसत नव्हता." दहा बारांत 81. उघड्या माशीवर या हिवाळ्यात 74 च्या वर गेलो नव्हतो.

ताई, काचही आली. पाऊण प्लस. घरात रिकाम्या पिस्तुलावर... म्हणजे दुर्बीण उतरवून नव्हे, दुसऱ्या एका पिस्तुलावर लावून बघितली. माशीला कडा आल्या आहेत. चारही.

काका, पुढचा स्क्रू चाळीस बारांनंतर पाव फेरा सैल झाला होता. निळं लॉकटाइट लावलं होतं. पुन्हा काढून लावू का?

खरादवाला

तेल पुसलं नव्हतंत. स्क्रू आणि भोक दोन्ही अल्कोहोलने धुवा, वाळू द्या, मग लावा. रात्रभर हात लावायचा नाही.